सोळा नंबरचा पायथा

"ह्या टाचा हैत का खुरपी? माझ्या बरगड्या सोलून निघाल्या, बाई."

आवाज माझ्या पायांकडून आला. मी पाय आखडायला गेले तर गुडघे माझ्याच पोटाला लागले.

"आणखी आखडायची सोय नाही, अक्का," मी म्हणाले. "मधे पोट आहे. खुंटीला अडकवून ठेवू का?"

"ठेव की. माझंबी ठेव शेजारी. दोघी जरा पाठ तरी टेकू."

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात, आमची ओळख झाली ती अशी. खाट एक, बायका दोन. एकीचं डोकं उशाकडे, दुसरीचं पायथ्याकडे. बोलायचं झालं तर ते दुसरीच्या पायांशी, आणि तोंड बघायचं झालं तर मान मोडून. खाटा कमी आणि बायका जास्त, यावर वॉर्डानं आपला एक इलाज काढला होता. नावं बंद. खाटेचा नंबर आणि बाजू, एवढंच. मी 'सोळा उशी'. ती 'सोळा पायथा'. उशी म्हणायचं इतकंच, उशी तिथं नव्हतीच. आमचे कागद आपापल्या बाजूच्या गजाला नाडीनं बांधलेले होते, आणि सिस्टरांना आमच्यापेक्षा ते गज जास्त ओळखीचे होते.

तिचं नाव कौसल्या. बाजारगावात मिरची कांडायची गिरणी होती तिची आणि नवऱ्याची. पोरगं शाळेत जाणारं, आणि मग इतक्या वर्षांनी हे. "गिऱ्हाइकं मिरच्या मापायच्या सोडून माझं पोट मापतात," ती म्हणाली होती. तालुक्याच्या दवाखान्यानं तिला पहाटे जीपमध्ये घालून इकडे पाठवलं होतं. रक्तदाब वाढलेला, पाय सुजून खांबासारखे. सोबत धाकटी जाऊ. ती बिचारी आल्यापासून गरम पाण्याच्या मागे होती. वॉर्डाच्या भिंतीवर 'गरम पाणी' असं ठळक लिहिलेलं होतं, खाली नळही होता, पाणी मात्र रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर मिळायचं.

माझ्यासोबत माझी सासू. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. खाटेशेजारी फरशीवर पोतं अंथरून त्या बसल्या होत्या आणि माझ्यावर पहारा ठेवत होत्या, कारण सकाळी मोठ्या मॅडम राउंडला येऊन सांगून गेल्या होत्या.

"हिचं बाळ आडवं आहे. सिझर करायचं. तोंडात पाण्याचा थेंबही नको. थिएटर एकच आहे, आतली बाई बाहेर आली की पहिली हीच. आणि मधे कळा वाढल्या तर थांबू नका, पळवा."

"आडवं असलं म्हणजे काय होतं, मॅडम?" मी विचारलं होतं.

"आपलं आपण बाहेर येत नाही. अडकतं," त्या म्हणाल्या. "मग दोघांचंही अवघड. म्हणून म्हणते, कळा सोसत बसू नका, ओरडा."

ओरडा, असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. आत्याबाईंना ते फारसं पटलं नाही.

"मी पाच जणं काढली," त्या माझ्या माघारी, म्हणजे माझ्या तोंडासमोरच, शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होत्या. "एकानं म्हणून आडवं पडून नखरा केला न्हाई. हे आईवर गेलंय. तीबी अशीच. सरळ कर म्हटलं की आडवी."

"आत्याबाई, मी ऐकतेय."

"ऐकायलाच बोललीया. पाणी मागू नको, मिळायचं न्हाई."

मग छोट्या मॅडम आल्या. शिकाऊ डॉक्टर, चेहरा झोपेनं सुजलेला, हातात पत्र्याची लहानशी तुतारी. ती पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचे. ठोके ऐकायचं यंत्रही होतं, पण त्याची बॅटरी गेली होती आणि नवी यायची होती. कधीची यायची होती ते विचारायचं नसतं.

छोट्या मॅडमनी आधी माझ्या पोटाला तुतारी लावली, कान टेकला, आणि त्यांचा झोपाळू चेहरा थोडा उजळला. "छान. घोडा पळतोय नुसता."

मग त्या पायथ्याला गेल्या. कौसल्याच्या पोटावर तुतारी टेकवली. उचलली. खाली टेकवली. दुसऱ्या बाजूनं टेकवली. कान बदलला. "जरा दार लावा हो," असं आयाबाईंना म्हणाल्या. दार लागलं. परत ऐकलं. मग सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. पडून राहा. आराम करा."

कौसल्यानं काहीच विचारलं नाही. मला नवल वाटलं, कारण पहाटेपासून ती सगळं विचारत होती. पंखा का फिरत नाही, मांजर कुणाची, सिस्टरांच्या चपलांचा आवाज एवढा का होतो. आता तिनं नुसता पदर पोटावर ओढला.

थोड्या वेळानं म्हणाली, "पोरी, जागा बदलतीस का? मला भिंतीकडं तोंड करून पडायचंय."

उशाकडची बाजू भिंतीला लागून होती.

"आत्ता कुठं अंग टेकलं होतं," मी कुरकुरले.

"म्हणून तर विचारती. न्हाई तर ढकललं असतं."

उठले मी. बोळात समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांसारख्या आम्ही एकमेकींना वळसे घालत फिरलो. आत्याबाई खालून सूचना देत होत्या, "अगं सावकाश, अगं तिचा पाय, अगं तुझं लुगडं." शेवटी ती भिंतीकडे तोंड करून उशाला आडवी झाली आणि मी पायथ्याला. कागद जिथल्या तिथे गजांना लटकत राहिले. त्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. ढुंगण टेकायला जागा मिळाली की माणूस कागदाकडे बघतो का?

कौसल्याची जाऊ परत पाण्याला गेली होती. तेवढ्यात टेबलाकडून सिस्टरांनी हाक दिली.

"सोळा पायथ्याचं कोण आहे?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पायथ्याला होते. त्या गुडघ्यावर हात देत उठल्या आणि गेल्या.

तिथं काय बोलणं झालं ते त्यांनी मला पुढे कधीतरी सांगितलं. सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, बाळाचे ठोके लागत नाहीत. डॉक्टरांनी दोनदोनदा बघितलं. तिला एवढ्यात सांगू नका, रक्तदाब चढेल, झटके येतील. कळा आणायचं सलाईन लावतो आणि मोकळी करतो." आत्याबाईंनी एवढंच विचारलं, "सून वाचंल न्हवं?"

मला दिसलं ते इतकंच, की गेल्या त्या एक बाई होत्या आणि आल्या त्या दुसऱ्याच. येऊन पोत्यावर बसल्या नाहीत. खाटेच्या कडेला टेकल्या आणि माझ्या कपाळावरचे केस मागे सारले.

लग्नाला दोन पावसाळे झाले होते. आत्याबाईंचा हात माझ्या डोक्याला लागायचा तो सणावारी, पाया पडल्यावर, तोही चापटीसारखा.

"काय म्हणाल्या सिस्टर?"

"काय न्हाई गं, बाळे."

बाळे! मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"आत्याबाई, काय म्हणाल्या?"

"म्हणल्या, धीर धरा. केळं खातीस का?"

"केळं? मला उपाशी ठेवलंय ना ऑपरेशनसाठी? सकाळपासून चूळसुद्धा मोजून भरायला दिलीत."

"असू दे आता." त्यांनी पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि माझ्या तोंडाशी आणलं. "खा. अंगात ताकद पायजे. तू हैस तर सगळं हाय."

सासू गोड बोलायला लागली की सुनेनं आनंद मानावा, असं म्हणणाऱ्यानं कधी दवाखान्यात सासू बघितलेली नसते. मी केळं बाजूला सारलं.

"मला खरं सांगा."

"खरंच सांगती. माझं वासरू ते." आणि पदर डोळ्याला.

खिडकीच्या जाळीवर टकटक झाली. वॉर्ड तळमजल्यावर, पुरुषांना आत बंदी, म्हणून माझ्या मालकांनी, यांनी, दवाखान्याला वळसा घालून आमची खिडकी शोधून काढली होती. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम यांचं. बोटांचं काळं कधी जात नाही. ती काळी बोटं जाळीत अडकवून उभे होते. आत्याबाई मधे जाऊन यांना सांगून आल्या होत्या हे मला काय माहीत.

"अहो, काय झालंय? तुमची आई मला केळी चारतेय."

"खा की मग."

"ऑपरेशन आहे ना माझं?"

ते माझ्याकडे न बघता खिडकीच्या चौकटीकडे बघत म्हणाले, "तू बरी हो बास. बाकी काय, पुन्हा हुईल."

"पुन्हा काय होईल?"

बोटं जाळीतून सुटली. हे निघून गेले. लग्नात वरातीतसुद्धा इतक्या भराभर चालले नव्हते.

तेव्हा मला कळलं, यांना वाटतंय तरी काय. आणि त्याच क्षणी पोटातल्या पोरानं उजव्या बरगडीखाली अशी काही ढुशी दिली की मी कळवळले.

"आत्याबाई, हात आणा. इथं ठेवा. हलतंय. बघा!"

त्यांनी हात आणला नाही. दोन्ही हात पदराखाली घेतले. "व्हय बाई. हलतंय. हलतंयच."

"अहो, हात तर लावून बघा!"

"नगं गं. नगं लावायला सांगू."

मी सिस्टरांना हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या तेव्हा त्या आल्या. वाईट बाई नव्हत्या. एकट्याच होत्या, आणि चाळीसेक बायका चारी दिशांनी त्यांना ओढत होत्या.

"सिस्टर, माझं बाळ हलतंय. सासूबाई रडताहेत, माझे मालक पळून गेले. मला कुणीतरी काहीतरी सांगा."

"कोण तुम्ही? सोळा पायथा ना?"

"मी द्वारका."

"सोळा पायथाच. पडून राहा बरं. असं वाटतं कधी कधी, हलल्यासारखं."

"वाटतं? मला लाथा बसताहेत."

"वाटतं," त्या इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की मला कानशिलात बसल्यासारखं झालं. त्या वॉर्डात मऊ आवाजात कुणी बोलत नसे. आयाबाई सकाळपासून आम्हा सगळ्यांना 'सरक' आणि 'उठ' यापलीकडे काही म्हणाल्या नव्हत्या. आता त्या बाजूनं फरशी पुसत गेल्या तर माझ्या चपला उचलून नीट लावून गेल्या. शेजारच्या खाटेवरची बाई, जिला आत्याबाईंनी माझे नखरे ऐकवले होते, तिनं तोंड दुसरीकडे वळवलं. मला वाटलं, उठावं आणि प्रत्येकीला गदागदा हलवावं. मी गरोदर होते, वेडी नव्हते.

"परत एकदा ऐकून तरी बघा."

"डॉक्टर थिएटरमध्ये गेल्यात. ठोके ऐकायची नळी त्यांच्याकडंच आहे. आल्या की बघतील."

आणि मग कळ आली. सकाळच्या कळा म्हणजे कुणी कमरेला चिमटा काढावा तशा होत्या. ही वेगळी होती. पाठीतून निघाली आणि पुढे येऊन आवळत गेली. मी कौसल्याची पिंढरी घट्ट धरली, जवळ तीच होती. तिनं पाय काढून घेतला नाही. टाचांवरून माझा उद्धार करणारी बाई भिंतीकडे तोंड करून गप्प होती.

"सिस्टर! कळा वाढल्या! मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, वाढल्या तर पळवा!"

"वाढू द्या. चांगलंच आहे," सिस्टर म्हणाल्या. "आणखी वाढवायला सलाईन आणतेच आहे मी."

"वाढवायला? अहो, बाळ आडवं आहे माझं!"

"ऑर्डर आहे, बाई."

"कुणाची ऑर्डर? मॅडमनी सकाळी माझ्यासमोर..."

"आता ती बदलली. का वाद घालता? तुमच्याच जिवासाठी आहे."

त्या सलाईन घेऊन आल्या. लोखंडी खांब ओढत आणला तेव्हा त्याचं एक चाक फिरत नव्हतं, ते फरशीवर किंचाळत आलं. सिस्टरांनी माझा हात पकडला, शीर शोधायला लागल्या. मी हात मागे ओढला. आत्याबाईंनी तो हात धरून पुढे दिला. मी पुन्हा ओढला.

"द्वारके, ऐक गं. लवकर सुटशील."

"मला नाही सुटायचं! मला बाळ पाहिजे माझं!"

आत्याबाईंनी हुंदका दिला तो थेट माझ्या खांद्यावर. सिस्टरांनीही एकदा नाक ओढलं. इतक्या प्रेमानं मला मारायला निघालेली माणसं मी त्याआधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही.

दुसरी कळ यायला लागली, तेवढ्यात वॉर्डाचं दार धाडकन उघडलं. दोन वॉर्डबॉय, मधे स्ट्रेचर.

"सोळा उशी! थिएटर रिकामं झालं. चला चला, मोठ्या मॅडम थांबल्यात!"

हाक माझी होती. सकाळपासून हीच हाक ऐकायला मी कान लावून बसले होते. मी "मी, मी" म्हणत उठायला गेले, तोवर ते स्ट्रेचर माझ्या डोक्याशेजारून उशाकडे गेलं. कौसल्यानं भिंतीकडचं तोंड वळवलं. वॉर्डबॉयकडे बघितलं. एकानं खांदे धरले, दुसऱ्यानं पाय, आणि ती काही न बोलता त्या स्ट्रेचरवर गेली. छताकडे बघत पडून राहिली. दोन्ही हात पोटावर.

"अहो, ती नाही!" मी ओरडले. "मी! आडवं बाळ माझं आहे!"

"हिला धरा मावशी," सिस्टर म्हणाल्या. "सुई आत चाललीय."

"सोडा! आत्याबाई, तुमच्यासमोर झालं सगळं, तुम्ही तोंड का उघडत नाही? आम्ही जागा बदलली! सकाळी मी उशाला होते. ती पायथ्याला होती. तपासलं तेव्हा मी तिकडे होते, तिकडे! ठोके लागत नाहीत ते माझं नाही, ते..."

पुढचा शब्द माझ्या तोंडात आला आणि मी तिच्याकडे बघितलं. स्ट्रेचर हाताच्या अंतरावर होतं. तो शब्द मला बाहेर काढता येईना.

सिस्टरांचा हात थांबला. सुई तशीच. त्यांनी वाकून माझ्या बाजूच्या गजावरचा कागद उलटून बघितला. त्यावरचं नाव वाचलं. बहुधा त्या वॉर्डात कितीतरी दिवसांनी कुणी नाव वाचलं असेल. मग त्या स्ट्रेचरकडे बघायला लागल्या. आत्याबाईंचा हात, माझ्या दंडावर आवळलेला, सैल झाला. त्यांनी माझ्या पोटावर तळवा ठेवला, आणि आतून लाथ बसली असावी, कारण त्यांनी तळवा चटका लागल्यासारखा उचलला आणि परत ठेवला. मग त्यांचीही नजर कौसल्याकडे गेली.

"म्हणजे," सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे हे बघा... मोठ्या मॅडमना एकदा... त्यांनी तपासलं की मग आपण..."

"न्यायचं का न्हाई?" वॉर्डबॉय म्हणाला. "मॅडम वरडतील."

"थांब जरा."

"पण तिकडं मॅडम थांबल्यात..."

"थांब म्हणते ना!"

दारात कौसल्याची जाऊ येऊन उभी राहिली होती, हातात तांब्या, त्यातून वाफ निघत होती. "काय झालं?" ती विचारत होती. "आमच्या बाईंना कुठं चालवलंय? काय झालं?" तिच्याकडे कुणी बघेना. सगळ्या वॉर्डाला अचानक आपापल्या चादरी नीट करायच्या होत्या. मला तिसरी कळ सुरू झाली आणि मी दात आवळून गप्प बसले. ओरडा म्हणून सांगितलं होतं मला, पण तिच्या समोर ओरडवत नव्हतं.

कौसल्यानं स्ट्रेचरच्या दोन्ही कडा धरल्या आणि उठून बसली. वॉर्डबॉय "अहो बाई, पडा पडा" म्हणत पुढे झाला, तिनं त्याचा हात बाजूला केला. सुजलेले पाय एक एक करून खाली सोडले. फरशीवर उभी राहिली. पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला, गिरणीवर गिऱ्हाईक आल्यावर खोचत असेल तसा. मग तिनं आमच्या सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली.

"माझ्याकडं काय बघत बसलाय? ह्या पोरीला उचला आधी, तिचं जितं हाय. माझं मेलंय. घरनं निघतानाच कळलं हुतं मला."